ईसीजी पॅचसाठी कोणता रेडिओ: ब्लूटूथ लो एनर्जी, वाय-फाय की ८०२.१५.४?

रुग्णाच्या छातीवर चिकटवलेला पॅच हृदयाचे सिग्नल बिनतारी पाठवतो. त्याचा रेडिओ निवडायचा तर आधी डेटा मोजा. तीन लीडचा (हृदयाचे सिग्नल तीन दिशांनी टिपणारा) ईसीजी, सेकंदाला २५० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा: सेकंदाला १,५०० बाइट झाले. मिनिटाला एकदा तापमान पाठवायचं तर दहा बाइटांत भागतं. या दोन्ही कामांना एकच रेडिओ घेण्याचा हट्ट धरू नका.

ब्लूटूथ लो एनर्जी. चिकटवायच्या ईसीजी पॅचला आम्ही हाच सुचवू. एका पॅकेटात २४४ बाइट बसतात, म्हणजे सेकंदाला सातेक पॅकेटं. १ मेगाबिटच्या वेगाने एक पॅकेट सुमारे २.१ मिलिसेकंद हवेत असतं. सेकंदभरात ट्रान्समीटर जेमतेम १५ मिलिसेकंद चालू. वाय-फायने व्यापलेली चॅनेलंही टाळता येतात.

गफलत होते ती अंतराच्या हिशोबात. पॅच ० डीबीएमने (१ मिलिवॅटच्या तुलनेत सिग्नलची ताकद मोजायचं एकक) पाठवतो, गेटवे, म्हणजे पॅचचा डेटा घेऊन नेटवर्कवर पुढे धाडणारा रिसीव्हर, −९५ डीबीएमपर्यंत ऐकतो, असं धरू. मोकळ्या हवेत १० मीटरला ६० डेसिबल जातात, उरले ३५. रुग्ण कुशीवर वळला आणि पॅच अंगाखाली गेला की आणखी २०-३० सहज जातात. भिंतींवरच्या परावर्तनांमुळे सिग्नल खाली-वर होतो, त्यासाठी किमान १५ डेसिबल राखून ठेवायला हवेत, आणि इथे उरतात ५ ते १५, म्हणजे जेमतेम किंवा त्याहून कमी. म्हणून कॉरिडॉरमधल्या एका गेटवेवर विसंबू नका: खोलीत एक, मोठ्या वॉर्डात पलंगाच्या दोन बाजूंना दोन.

अँटेना टेबलावर जुळवून उपयोग नाही. त्वचेजवळ आली की तिची वारंवारता खाली सरकते. फँटमवर, म्हणजे शरीरासारख्या नमुन्यावर, ठेवूनच जुळवा. सीआर२०३२ नाणे सेल वापरत असाल तर त्याला समांतर १०० मायक्रोफॅरडचा कमी गळतीचा कपॅसिटर लावा. सेल अर्धा संपला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो, प्रत्येक पॅकेटच्या वेळी व्होल्टेज कोसळतो आणि चिप रिसेट होते. नव्या सेलवर केलेल्या चाचणीत हे दिसतच नाही.

वाय-फाय. कमरेला अडकवायच्या, रोज चार्ज होणाऱ्या मॉनिटरला आणि हिंडत्या-फिरत्या रुग्णाला हेच बरं, कारण अ‍ॅक्सेस पॉइंट बहुधा आधीच बसवलेले असतात. प्रक्षेपणाच्या क्षणी शेकडो मिलिअँपिअर लागतात, त्यामुळे नाणे सेल बाद. खरी अडचण एका अ‍ॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना येते: दर वेळी पूर्ण ओळखतपासणी झाली तर ईसीजीत खंड पडतो. ही अदलाबदल झटपट करणारं ८०२.११आर हे वाय-फायचं मानक मॉनिटर आणि अ‍ॅक्सेस पॉइंट दोन्हीकडे चालू आहे ना, ते पाहा. ५ गिगाहर्ट्झमधली रडारशी वाटून घेतलेली चॅनेलं टाळा. रडार दिसलं की अ‍ॅक्सेस पॉइंटला चॅनेल सोडावंच लागतं.

८०२.१५.४. कमी वीज, कमी डेटा यांसाठीचं रेडिओ मानक. तापमानासारख्या तुरळक नोंदींना पुरेसं. फ्रेम (एक पॅकेट) जास्तीत जास्त १२७ बाइटांचीच, त्यात या मानकावर चालणारं झिगबी एकाच चॅनेलवर ठाण मांडतं. वाय-फाय त्याच्या १, ६, ११ या चॅनेलांवर असेल तर झिगबीचं २५ किंवा २६ निवडा.

रेडिओ कोणताही घ्या, पॅचमध्ये किमान मिनिटभराचा डेटा, म्हणजे ९० किलोबाइट, साठवायची सोय आणि प्रत्येक पॅकेटला क्रमांक हवाच. लिंक तुटल्यावर पडद्यावर सपाट रेष कधीही काढू नका. ती हृदय थांबल्यासारखी दिसते. तिथे रिकामी जागा सोडा आणि वेगळा तांत्रिक अलार्म द्या. ब्लूटूथमध्ये तुटलेली लिंक जाहीर करायची मुदत ३२ सेकंदांपर्यंत ठेवता येते. इथे ती दोन-तीन सेकंदांवर आणा.