वीस इंची चाक, उसाच्या ट्रॉल्या आणि माझी आडवी सायकल

गेल्या वर्षी जानेवारीत, बुधगावच्या पुढे, माझ्या पुढच्या चाकाच्या दोन तारा एकापाठोपाठ तुटल्या. टण्ण, आणि लगेच दुसरी टण्ण. गळिताचा हंगाम ऐन भरात होता, ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कडेला चर पाडलेले. चाक एवढं आउट, म्हणजे वाकडं, झालं की फिरताना ब्रेकच्या रबरात अडकायला लागलं. मागून येणारा बैलगाडीवाला गाडी हळू करून म्हणाला, "मामा, झोप लागली व्हय?"

त्याचा दोष नाही. माझी सायकल आडवी, म्हणजे रिकम्बंट. मणक्याच्या दुखण्यामुळं साधी सायकल सुटली, म्हणून पुण्यातल्या एका गृहस्थाकडून ही जुनी घेतली. पाठ टेकलेली, पाय पुढं, मागं सव्वीस इंची चाक आणि पुढं वीस इंची. हा रिव्ह्यू त्या पुढच्या चाकाचा. नव्यानं बांधलेलं चाक चौदा महिने आणि ४,१०० किलोमीटर वापरून लिहितोय.

लहान चाक नाजूक, असं मला भेटणारा प्रत्येक माणूस सांगतो. खरं तर उलट आहे. तारा आखूड, हबपासून (चाकाच्या मधल्या तुंब्यापासून) रिंगेपर्यंत जाताना त्या जास्त तिरप्या बसतात, त्यामुळं आडवा धक्का लहान चाक मोठ्यापेक्षा चांगला सोसतं. अडचण चाकाची नाही, बसायच्या पद्धतीची. साध्या सायकलवर खड्डा दिसला की आपण नकळत सीटवरून उठतो आणि धक्का पायांत जिरतो. आडव्या सायकलवर उठणार कसं? माझे ब्याऐंशी किलो पाठीसकट खुर्चीत, आणि जो दणका बसतो तो सगळा चाकांच्या वाट्याला. त्यात वीस इंची चाक मोठ्या चाकापेक्षा खड्ड्यात खोल उतरतं. माझं जुनं चाक २८ तारांचं होतं आणि टायर जेमतेम २८ मिलिमीटर रुंद. सांगलीच्या रस्त्यांवर ते टिकलं तेवढंच नवल.

नवं चाक घेताना पहिला झटका मापानं दिला. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून 'वीस इंची' टायर मागवला, तो रिंगेवर बांगडीसारखा सैल फिरायला लागला. मग कळलं, वीस इंची म्हणून विकली जाणारी मापं दोन आहेत. टायरची कड रिंगेवर जिथं बसते तिथला व्यास एकात ४०६ मिलिमीटर, दुसऱ्यात ४५१. सोळा इंचीतही तोच घोळ, ३०५ आणि ३४९. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ४७-४०६ असं काहीतरी लिहिलेलं असतं, पहिला आकडा रुंदी, दुसरा हा व्यास. इंच विसरा, तो दुसरा आकडा वाचा. आपल्याला ४०६ बरा, कारण बीएमएक्सला (कसरतीच्या छोट्या सायकलींना) आणि बहुतेक वीस इंची घडीच्या सायकलींना तोच असतो. उद्या अडलं तर मुलांच्या सायकलचा टायर चढवून घरी तरी येता येतं. माझं पार्सल परत घ्यायला विक्रेत्यानं नकार दिला. टायर अजून माळ्यावर आहे, कुणाला ४५१ हवा असेल तर सांगा.

रिंग घेतली सन रिंगलेची ऱ्हायनो लाइट, छत्तीस भोकांची, दुहेरी भिंतीची. भाच्यानं येताना बॅगेत घालून आणली. रुंद आणि दणकट आहे, वजनदारही आहे, आणि मला त्याचं काही वाटत नाही. मी काही शर्यतीत उतरणार नाही. तसंही या सायकलींना अधिकृत शर्यतींतून १९३४ सालीच बाहेर काढलंय. त्याच्या आदल्या वर्षी फ्रान्सिस फॉर नावाच्या गड्यानं आडव्या सायकलवर तासात ४५ किलोमीटरच्या वर अंतर कापलं होतं, म्हणून.

आता माझी स्वतःची चूक. रिंग आली, हब होता, पण एवढ्या आखूड तारा सांगलीत मिळेनात. मी तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. म्हटलं, लांब तारा कापू आणि डाय फिरवून आटे पाडू. पाडले. तीन आठवड्यांत चार तारा तुटल्या, चारही बरोबर आट्यांच्या तोंडाशी. आटे कापले की तारेचं पोट तिथं कमी होतं आणि नेमकी तिथूनच ती दमते. कारखान्यातली तार दाबून आटे पाडलेली असते, तिच्यातलं पोलाद कापलं जात नाही. हे मी शिकाऊ पोरांना किती वेळा सांगितलं असेल! शेवटी योग्य लांबीच्या तेरा गेज जाडीच्या तारा बाहेरून मागवल्या.

चाक बांधलं मिरजेतल्या एका चाचांनी. दुकानाला पाटी नाही, पाच सायकली उभ्या असल्या की सहावी रस्त्यावर. त्यांनी आधी नेहमीसारखी तीन फुलीची बांधणी धरली, म्हणजे प्रत्येक तार वाटेत दुसऱ्या तीन तारांना छेदून जाते ती. दोन तारा बसवल्या आणि थांबले. "दादा, हे बघा. निपलमधून निघतानाच तार मोडतेय." खरंच, रिंग एवढी लहान की तीन फुलीत तार निपलमधून, म्हणजे रिंगेतल्या तिच्या नटातून, सरळ न निघता कोन करून निघत होती. सगळं उसवून दोन फुलीवर आणलं. मग ताण. चाचांकडं ताण मोजायचं यंत्र नाही. ते तार छेडतात. पुढच्या चाकाला रिंगेवर रबर दाबणारा व्ही-ब्रेक, हबवर एका बाजूला डिस्क नाही, म्हणजे दोन्ही बाजूंच्या तारा सारख्या, म्हणून छत्तीसही तारांचा सूर जवळपास एक लागला पाहिजे. एक तार ठप्प बोलली की निपल पाव आटा आवळायचं, पुन्हा छेडायचं. शेजारच्या गल्लीत तंबोरे जुळवतात, त्या गावातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. शेवटी समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून त्यांनी कचकचून आवळल्या, चाक करकरलं, आणि पुन्हा आउट काढला. हे आवळणं चुकवू नका. तारा जागेवर बसतात त्या इथंच, नाहीतर पहिल्या शंभर किलोमीटरात सैल पडतात. आणि तार तुटते ती बहुतेक वेळा सैल राहून, सतत हलून हलून. मजुरी पाचशे मागितली, मी सातशे दिली.

टायर श्वाल्बे मॅरेथॉन, ४७-४०६. इथले चार साधे टायर येतील एवढ्या किमतीचा एक, त्यामुळं बायकोला अर्धीच किंमत सांगितली. आत तीन मिलिमीटर जाड रबराचा थर आहे. बाभळीचे काटे आणि सराटे धरून आजवर दोनच पंक्चर, त्यातलं एक ट्यूब बसवताना मीच चिमटून केलेलं. हवा पंचावन्न पीएसआय ठेवतो. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते आणि खड्ड्याचा पहिला मार ती खाते. तारांएवढंच श्रेय या टायरला. फक्त घेण्याआधी फोर्कमधली जागा मोजा, मला मडगार्ड काढावं लागलं आणि पावसाळ्यात चिखल थेट पँटवर येतो.

चौदा महिन्यांत एकही तार तुटलेली नाही. आउट एकदाच काढला, तोही कवलापूरजवळ ट्रॉलीतून पडलेल्या उसाच्या मोळीवर चढलो म्हणून.

तक्रार एकच आहे, पण खरी आहे. हे चाक एका किलोमीटरला सुमारे ६४० फेरे घेतं. वडिलांच्या २८ इंची सायकलचं चाक तेवढ्याच अंतरात साडेचारशेच्या आसपास फिरतं. म्हणजे टायर झिजणार, छर्रे झिजणार, आणि ब्रेकच्या रबराखाली रिंगेची भिंतही झिजणार. नख फिरवलं तर आत्ताच खळगा लागतो. दंडोबाच्या डोंगरावरून सलग ब्रेक दाबत उतरलो तेव्हा रिंगेला हात लावला आणि झटकन मागं घेतला. लहान रिंगेत धातूच कमी, ती लवकर तापते. आता उतारावर मध्ये दोनदा थांबतो. पुन्हा बांधायची वेळ आली तर ड्रम ब्रेकचा, म्हणजे ब्रेक आतच असलेला हब घेईन, स्टर्मी-आर्चर कंपनीचा, म्हणजे रिंगेला रबर घासायचा प्रश्नच नाही. त्याला छत्तीस तारा नव्या मापाच्या लागतील. चाचांना विचारलं, ते म्हणाले, "आणा की. पण तारा कापून आणू नका."