एका साच्यातून निघालेली खुर्ची : दोन खरेद्यांचा अनुभव

आमच्या गृहनिर्माण संस्थेसाठी मी तीन वर्षांपूर्वी प्लास्टिकच्या हातवाल्या बारा खुर्च्या प्रत्येकी ७८० रुपयांना घेतल्या आणि पुढच्याच वर्षी, गणेशोत्सवाच्या गडबडीत, जवळजवळ तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या बनावटीच्या आणखी बारा खुर्च्या ६४० रुपयांना आणल्या. माझी उमेदीची वर्षे भोसरीतल्या एका टूलरूममध्ये साचे करण्यात गेली असल्यामुळे खुर्ची उलटी करून पाहिल्याशिवाय ती घेऊ नये, हे मला ठाऊक होते. दुसऱ्या वेळी मात्र मी ती नुसती हातात तोलली आणि तिथेच फसलो.

या प्रकारच्या खुर्चीची स्वस्ताई तिच्या आराखड्यात असते. फ्रान्समध्ये आंरी मासोने यांनी १९७२ मध्ये जी खुर्ची केली, ती साच्यातून दोन मिनिटांच्या आत तयार होऊन बाहेर पडत असे आणि त्यानंतर तिला ना जोडकाम लागे, ना स्क्रू, ना रंगकाम. पहिल्या खेपेच्या आमच्या खुर्चीतही तोच विचार दिसतो. तिची भिंत सर्वत्र सुमारे ३ मिलिमीटर जाडीची आहे. बळकटी हवी तिथे जाडी न वाढवता बैठकीच्या खाली रिब, म्हणजे आधाराच्या पातळ उभ्या पट्ट्या, दिल्या आहेत आणि त्या भिंतीच्या साधारण निम्म्या जाडीच्या ठेवल्यामुळे वरच्या पृष्ठभागावर खळगे पडलेले नाहीत; जाड भाग थंड होताना जास्त आकसतो आणि तिथे पृष्ठभाग खचतो. हा हिशेब महत्त्वाचा आहे, कारण प्लास्टिक थंड होण्यास लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : ३ मिलिमीटरची भिंत ४ मिलिमीटरची केली, तर माल एक तृतीयांशाने वाढतो, पण साच्यात थांबण्याचा वेळ सुमारे पावणेदोनपट होतो आणि यंत्राचे भाडे तर वेळेच्या हिशेबानेच चढते.

तिचे पाय खाली बाहेरच्या बाजूस फाकलेले आहेत. त्या एका उतारामुळे खुर्ची साच्यातून अलगद सुटते, बसणाऱ्याला स्थैर्य मिळते आणि खुर्च्या एकमेकींत रचता येतात. शिवाय पायांच्या आतल्या अंगाला बोटाच्या पेराएवढे चार टेकू आहेत, ज्यांवर वरची खुर्ची विसावते. त्यामुळे बारा खुर्च्यांची चळत एकटा माणूस सहज सोडवतो. एकच उणीव सांगायची तर ओल्या लादीवर तिचे पाय घसरतात.

दुसऱ्या खेपेच्या खुर्चीत नेमके हे टेकूच गाळले आहेत. त्यातून साच्याचे असे कितीसे काम वाचले असेल? परिणाम असा की खुर्च्या एकमेकींत घट्ट रुतून बसतात आणि आरतीच्या वेळी एकाने खालची धरायची, दुसऱ्याने वरची ओढायची, असा सोहळा होतो. पाय जिथे बैठकीला मिळतात तो कोपरा उगाच जाड ठेवला आहे, म्हणून वर ठसठशीत खळगा पडला आहे; तो झाकण्यासाठी बैठकीवर वेलबुट्टी उठवली असावी, असा माझा तर्क आहे.

खरा घोटाळा वजनाचा. पहिली खुर्ची २ किलो ४०० ग्रॅम भरली, तर दुसरी २ किलो ८०० ग्रॅम, आणि दुकानदाराने हेच वजन मजबुतीची खूण म्हणून सांगितले. दीड वर्षात मात्र तीन खुर्च्यांचे मागचे पाय मोडले. मोडण्याआधी त्या जागी पांढरट पट्टा उमटला होता आणि तुटलेली कडही खडूसारखी भुरभुरीत होती. मी एक तुकडा पाण्याच्या बादलीत टाकला, तो तळाला गेला. अशा खुर्च्या ज्या प्लास्टिकच्या करतात त्या पॉलिप्रॉपिलीनची घनता पाण्याच्या सुमारे ०.९ पट असल्यामुळे निव्वळ दाण्याचा, म्हणजे भेसळ नसलेल्या कच्च्या प्लास्टिकचा, तुकडा तरंगायला हवा. तो बुडाला याचा अर्थ त्यात खडूच्या पुडीचा बराच भराव होता. थोडा भराव घालण्यात गैर काही नाही, त्याने वस्तूला ताठपणा येतो. पण दाणा आपण किलोने विकत घेतो आणि साचा मात्र घनफळाने भरतो, त्यामुळे जड माल किलोमागे स्वस्त पडला तरी तेवढ्याच खुर्चीला तो जास्त किलो लागतो आणि बचतीचा काही भाग तिथेच गळून जातो. उरलेल्या बचतीची किंमत खुर्चीच्या पायाला मोजावी लागते.

दुकानदाराने मोडक्या खुर्च्या बदलून देण्यास नकार दिला, कारण पावतीवर हमीचा उल्लेख नव्हता. ती चूक माझी. पहिल्या खेपेच्या बाराही खुर्च्या, रंग उन्हाने थोडा विटला असला तरी, आज शाबूत आहेत आणि त्याच बनावटीच्या आणखी सहा मी गेल्या महिन्यात ८५० रुपये दराने आणल्या, या वेळी प्रत्येक खुर्ची दुकानातच उलटी करून. दुसऱ्या खेपेतल्या उरलेल्या नऊ खुर्च्या आता मांडवात मागच्या रांगेत, लहान मुलांसाठी ठेवतो.