मोठा टँक, त्यात सिक्लिड: मलावी की दक्षिण अमेरिकन?

5 बाय 2 बाय 2 फुटांचा टँक, म्हणजे साधारण 560 लिटर पाणी, घरात आला की सिक्लिड कुळातले मासे आफ्रिकेच्या मलावी सरोवरातले घ्यावेत की दक्षिण अमेरिकन हा प्रश्न येतोच. दोन्ही एकत्र नकोत, हे तुम्हाला ठाऊक असेल. नेरुळच्या घरी याच मापाच्या टँकमध्ये मी दोन वर्षं म्बुना, म्हणजे मलावीतले दगडांत राहणारे सिक्लिड, ठेवले. आता तीन वर्षं जिओफॅगस, सेव्हरम आणि ब्लू अकारा हे दक्षिण अमेरिकन आहेत.

दिसण्यात म्बुना पुढे, यात वादच नाही. काळ्या दगडांतून पंचवीस-तीस निळे-पिवळे मासे सारखे आत-बाहेर करत असतात, आणि पाहुणा चपला काढता काढताच तिकडे बघत राहतो. जिओफॅगसची पिल्लं दुकानात फिकट, राखाडी दिसतात. खरा रंग भरायला माझ्याकडे वर्ष गेलं.

पाण्याचं म्हणाल तर नवी मुंबईत नळाला येणारं मोरबे धरणाचं पाणी हलकं आहे. साबणाला लगेच फेस येतो, गीझरमध्ये पांढरा थर धरत नाही. मलावी सरोवराचं पाणी अल्कधर्मी, पीएच 8 च्या आसपास. त्यामुळे कोरलची वाळू घाला, दर पाणी बदलाला बफर (पीएच टिकवून धरणारे क्षार) घाला, हे कायमचं मागे लागतं. जमतं, नाही असं नाही. दक्षिण अमेरिकनांना नळाचं पाणी क्लोरीन काढून तसंच चालतं. मे महिन्यात म्बुना वर येऊन धापा टाकायचे. जिओफॅगस त्याच उन्हाळ्यात निवांत वाळू चाळतात.

माझा निर्णय मात्र झाला तो मासा बाहेर काढण्याच्या त्रासावरून.

गर्दी मुद्दाम ठेवायची, एका नरामागे तीन-चार माद्या ठेवायच्या म्हणजे मार वाटला जातो, हे सगळं मी पाळलं होतं. तरी ऑरेटस या म्बुना जातीचा एक नर, लहानपणी पिवळाधमक असलेला, चार इंची होताना काळा पडला आणि अख्खा टँक त्याने ताब्यात घेतला. बाकीचे फाटक्या पंखांनी फिल्टरच्या पाइपामागे कोपरा धरून. जाळी टाकली की हा दगडांत. मग रात्री अकराला निम्मं पाणी उपसायचं, दगड एकेक करून बादल्यांत काढायचे, आठवडाभर खपून रचलेल्या गुहा मोडायच्या आणि गढूळ पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून त्याला शोधायचं. एकदाचा काढला, तर दहा-बारा दिवसांत दुसरा नर त्याच्या जागी दादा. वर्षात हे तीनदा केलं. तिसऱ्या खेपेला त्या धांदलीत एका मादीने तोंडात सांभाळलेली सगळी अंडी थुंकून टाकली. ते बघून मन फार खट्टू झालं, आणि त्याच आठवड्यात मी म्बुना एका मित्राला दिले.

आता तळाला बारीक वाळू आणि दोन लाकडं, एवढंच. कुणाला वेगळं करायचं तर लाकूड उचललं की मासा समोर. भांडणं इथेही होतात. अकाराची जोडी अंड्यांवर असली की एक कोपरा तिचाच. पण इतरांना सरकायला जागा उरते. जाच आहे तो दुसरा. सेव्हरम मऊ पानांची झाडं शिल्लक ठेवत नाहीत. आणि आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचं राहिलं की माझ्याकडे तरी जिओफॅगसच्या डोक्यावर बारीक खड्डे दिसू लागतात. गणपतीला पंधरा दिवस घर बंद करून कोकणात जाणाऱ्यांनी याचा आधी विचार करावा. तुमचं पाणी बोअरचं आणि जड असेल, तर म्बुनांचं पारडं माझ्या घरापेक्षा नक्कीच जड होईल.

म्बुनाच मनात भरले असतील तर ऑरेटस टाळा आणि यलो लॅबसारख्या त्यातल्या त्यात शांत जातीपासून सुरुवात करा. दक्षिण अमेरिकन घेणार असाल तर जिओफॅगसची पाच-सहा पिल्लं एकदम आणा, एकटं-दुकटं बुजतं. त्यांच्या मागोमाग अकारा. सेव्हरम सगळ्यांत शेवटी सोडा, बाकीच्यांनी आपापल्या जागा धरल्यावर.