डॉप्लर घेताय? साधा वॉल फिल्टर की अडॅप्टिव्ह

जळगाव-धुळ्याकडे नवीन सोनोग्राफी सेंटर टाकणारे मित्र हल्ली हेच विचारतात, साध्या कलर डॉप्लरवर (वाहतं रक्त रंगात दाखवणारा मोड) भागेल की बारीक रक्तप्रवाह दाखवणारा अडॅप्टिव्ह फिल्टरवाला मोड पाहिजेच. दोन्ही वापरून झालंय म्हणून लिहितो, प्रोब (अंगावर फिरवायचा भाग) आणि स्क्रीनचं तुम्हाला माहितीच आहे.

वॉल फिल्टरचं काम हलणाऱ्या टिश्यूचा (रक्ताभोवतीच्या मांसाचा, भिंतींचा) सिग्नल गाळायचं. साधा फिल्टर फक्त वेग बघतो, कटऑफच्या, म्हणजे ठरवलेल्या हद्दीच्या, खालचं सगळं टिश्यू समजून फेकून देतो. वेग मशीनला परतलेल्या ध्वनीच्या हर्ट्झमधल्या फरकावरून कळतो. ५ मेगाहर्ट्झच्या प्रोबला १०० हर्ट्झचा कटऑफ लावला की बीमच्या दिशेने सेकंदाला दीड सेंटिमीटरपेक्षा हळू जाणारं रक्त गेलंच समजा. आणि कलरला एका रेषेवर पल्स (प्रोबने सोडलेले ध्वनीचे ठोके) मिळतात जेमतेम ८ ते १६, तेवढ्यात फिल्टर किती धारदार होणार?

मला वैताग आला तो लहान पोरांच्या वृषणाच्या स्कॅनमध्ये. पीळ पडलाय का ते बघायचंय, पोरगं रडतंय, आजी बाजूला "उगी उगी" करतेय, प्रवाह मुळात हळू म्हणून स्केल (दाखवायच्या वेगाची मर्यादा) आणि फिल्टर खाली आणावा तर एका हुंदक्यात स्क्रीनवरचा रंगाचा अख्खा बॉक्स लाल-निळा, हाच तो फ्लॅश. फिल्टर वर नेला की फ्लॅश जातो पण रक्तही जातं, मग फ्लो दिसत नाही तो पीळ पडल्यामुळे की माझ्या नॉबमुळे? दुसऱ्या बाजूशी ताडून बघतो आपण, पण तोवर पोरगं अजून चिडलेलं असतं आणि सर्जनचा फोन येऊन गेलेला असतो.

अडॅप्टिव्हवाला वेगासोबत हालचाल कशी आहे तेही बघतो. केळीच्या बागेत वारा शिरला की सगळी पानं एकदम कलतात तसं टिश्यू एकत्र हलतं, रक्ताचं तसं नसतं, तेवढ्यावरून तो दोघांना वेगळं काढतो. २०१५ मध्ये संशोधक डेमेने आणि सहकाऱ्यांनी अल्ट्राफास्ट (सेकंदाला खूप जास्त फ्रेम घेणाऱ्या) डेटावर सिंग्युलर व्हॅल्यूवाला, म्हणजे एकत्र हलणारं गणिताने वेगळं काढणारा, फिल्टर दाखवला तो याच तत्त्वावर, कंपन्यांची गणितं मात्र आपापली. फ्लॅश पूर्ण जात नाही हां, पोरगं पायच झाडायला लागलं तर कुठलाच फिल्टर कामाचा नाही, आणि खोलवरच्या लिव्हरमध्ये मला तरी फार फरक जाणवला नाही. पण हुंदक्यांच्या मधे वृषणातल्या बारीक रेषा दिसून जातात, मला तेवढं पुरलं.

तुमचं काम मुख्यतः गरोदर बायका, कॅरोटिड (मानेतली धमनी) आणि पायांच्या नसा असेल तर जास्तीचे पैसे कशाला घालता, असं माझं मत. नाळेच्या धमनीचा स्पेक्ट्रल (प्रवाहाचा आलेख) घेताना दोन्ही मशीनवर फिल्टर हातानेच ६० हर्ट्झच्या खाली ठेवायचाय, नाहीतर डायस्टोलच्या (हृदय सैल पडतं त्या वेळेच्या) शेवटचा फ्लो स्क्रीनवरून गायब आणि चांगल्या गरोदरपणात सगळ्यांची झोप उडते. टिश्यू डॉप्लरवाल्या, म्हणजे हृदयाच्या स्नायूची हालचाल मोजणाऱ्या, इकोच्या मंडळींचं तर उलटंच, त्यांना रक्त गाळून स्नायू ठेवायचा असतो, त्यांनी हा खर्च करू नये.

लहान मुलं, थायरॉईड, सांधे जास्त येत असतील तर मी अडॅप्टिव्हकडेच झुकेन. डेमोवाले हमखास किडनी दाखवतात, तीही श्वास धरायला लावून. त्यांना म्हणा, श्वास धरू न शकणाऱ्या पेशंटवर दाखवा.