जुना आयमॅक, विंडोज पीसी: फाइल्स डिस्कने न्यायच्या की केबलने?

घरात दहा-पंधरा वर्षांचा मॅक अजून धडधाकट चालतोय, बाजूला विंडोजचा पीसी आहे, दोघांमध्ये फोटो-व्हिडिओंची ने-आण रोजची, पण त्यासाठी नॅस (नेटवर्कला जोडायचा स्टोरेजचा डबा) वगैरे घेण्याइतका खर्च करायचा नाही, अशांसाठी हे लिहितोय. माझ्याकडची जोडी म्हणजे २००९ अखेरचा आयमॅक आणि असेंबल केलेला विंडोज १० चा पीसी. आयमॅकवर हाय सिएरा ही मॅकओएसची आवृत्ती आहे, त्याच्या पुढे तो अधिकृतपणे जात नाही.

स्वस्तातले खरे पर्याय दोनच. एक्सफॅट या, मॅक आणि विंडोज दोघांनाही चालणाऱ्या, फॉरमॅटची एक्स्टर्नल डिस्क आलटून पालटून दोन्हीकडे लावायची, किंवा पीसीवर एक फोल्डर शेअर करून तो मॅकने नेटवर्कवरून उघडायचा. बाकीचे पर्याय मी फार काळ ठेवले नाहीत. क्लाउडमध्ये शेजारच्या टेबलावरची फाइल आधी इंटरनेटवर चढवायची आणि मग खाली उतरवायची, शिवाय गुगलचे फुकटचे १५ जीबी आमच्या एका लग्नाच्या शूटिंगलाही पुरत नाहीत. राउटरच्या यूएसबी पोर्टला डिस्क लावायची कल्पना छान वाटते, पण स्वस्त राउटरमध्ये बरेचदा फक्त एसएमबी १ (नेटवर्कवरून फाइल्स शेअर करायच्या पद्धतीची जुनी आवृत्ती) असतं, आणि २०१७ च्या १७०९ आवृत्तीपासून विंडोज १० ते मुळातच बंद ठेवतं. ते पुन्हा चालू करता येतं, पण वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच वाटेने पसरला होता, तेव्हा मी त्या वाटेला गेलो नाही.

डिस्कची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. एक्सफॅट मॅकवर १०.६.५ पासून वाचता-लिहिता येतं, एफएटी ३२ या जुन्या फॉरमॅटसारखी एका फाइलला ४ जीबीची मर्यादा नाही, आणि विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएससारखं मॅकवर फक्त वाचण्यापुरतं अडकूनही राहत नाही. पासवर्ड नाही, सेटिंग नाही. आमचे बाबाही न विचारता वापरू शकतात. तीच डिस्क उद्या फोटो स्टुडिओत नेता येते. मॅक ठिपक्याने सुरू होणाऱ्या बारीकसारीक फाइल्स त्यावर टाकून ठेवतो आणि त्या विंडोजवर कचऱ्यासारख्या दिसतात, पण त्याने काही बिघडत नाही, डोळ्यांना सवय होते.

माझा निकाल मात्र एका कटकटीने लावला. एक्सफॅटला जर्नल, म्हणजे चालू कामाची नोंदवही, नाही. लिहिता लिहिता मध्येच डिस्क काढली तर काय अर्धवट राहिलं याची नोंद कुठेच नसते, त्यामुळे पुढच्या वेळी सगळी डिस्क तपासावी लागते. आणि आमच्या घरात इजेक्ट करून डिस्क काढणारा मी एकटाच. चिरंजीव पीसीवरून गेमच्या क्लिप्स टाकतात आणि केबल उपसून मोकळे होतात. मग तीच डिस्क मॅकला लावली की काहीच घडत नाही. डिस्कचा दिवा लुकलुकतो, पण डेस्कटॉपवर आयकॉन नाही, एरर नाही, 'थांबा' एवढा साधा निरोपही नाही. डिस्क युटिलिटी उघडावी तर तीही फिरत बसते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटणारच, डिस्क गेली. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये शोधलं की एफएससीके-एक्सफॅट (fsck_exfat) नावाचा प्रोसेस सापडतो. म्हणजे मॅक पडद्यामागे मुकाट्याने तपासणी करत असतो. डिस्क मोठी, आत बारीक फोटोंचा ढीग आणि मॅकचं यूएसबी जुनं, तेव्हा हे किती चालेल याचा भरवसा नाही. स्वयंपाक होऊन जेवणं उरकतात तरी आयकॉन येत नाही. कंटाळून कुणी केबल काढली की सगळं पहिल्यापासून. तो प्रोसेस जबरदस्तीने थांबवला तर डिस्क सहसा उघडते, पण फक्त वाचण्यापुरती. पीसीला लावून तिथून 'स्कॅन अँड फिक्स' केलं तर बहुधा लवकर सुटका होते, हेही खरं. पण मग डिस्क घेऊन दोन टेबलांमध्ये येरझाऱ्या आल्याच. घरात सगळेच शिस्तीचे असतील तर तुम्हाला हा त्रास कदाचित कधी दिसणारही नाही.

आता नेटवर्क. या पिढीच्या मॅकबद्दल एक गोष्ट फारशी कुणी लक्षात घेत नाही: त्याचं यूएसबी २.० आहे, म्हणजे कागदोपत्रीसुद्धा ४८० मेगाबिट, पण मागचा इथरनेट (नेटवर्क केबलचा) पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे १००० मेगाबिटचा आहे. जुन्या आयमॅकमधून फाइल्स बाहेर काढायला यूएसबीपेक्षा इथरनेटचं भोक मोठं. मी घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण ज्या फोल्डरला डिस्कवर चहा करून पिऊन व्हायचा, तो केबलवरून चहा गाळेपर्यंत गेलेला असतो. अट एकच, मधला राउटरही गिगाबिट हवा. इंटरनेट कंपनीने दिलेल्या साध्या राउटरचे पोर्ट १०० मेगाबिटचे असतील तर सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर जाणार नाही, आणि मग डिस्कच पुढे. त्यासाठी पाच पोर्टचा गिगाबिट स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणारा छोटा डबा, घेतला. साधारण हजार-दीड हजाराची वस्तू, एवढाच काय तो खर्च. वायफायवरूनही चालतं, पण मोठ्या व्हिडिओंसाठी नको.

दोन्ही मशीन एकाच केबलने थेट जोडली तर स्विचही लागत नाही, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. जोडली जातात खरी. पण मध्ये राउटर नसल्याने विंडोजला ते नेटवर्क अनोळखी वाटतं, त्याला ते 'पब्लिक' ठरवतं आणि शेअरिंगचं दार लावून घेतं. ते उघडण्यात जाणारी दुपार स्विचच्या पैशांपेक्षा महाग.

नेटवर्कचे नखरे मी नाकारत नाही. मॅकच्या फाइंडरमध्ये पीसी कधी दिसतो, कधी गायब होतो. त्यावर माझा उपाय म्हणजे शोधत बसायचंच नाही. राउटरमध्ये पीसीचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) कायमचा बांधून टाकायचा, आणि मॅकवर कमांड आणि के दाबून तो पत्ता पुढे 'smb://' लावून एकदा लिहून फेव्हरिट्समध्ये ठेवायचा. दुसरा नखरा पासवर्डचा. पीसीवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट आणि पिन असेल तर मॅकने विचारल्यावर लोक पिन टाकतात आणि तो चालत नाही. सरळ पीसीवर फक्त शेअरिंगसाठी एक वेगळा लोकल युजर करावा, साध्या इंग्रजी नावाचा, आणि फोल्डरची परवानगी त्यालाच द्यावी. पीसी झोपी जाणार नाही एवढंही बघावं.

उलट, म्हणजे फोल्डर मॅकवर आणि विंडोजने तो उघडायचा, असंही करता येतं. मला ते तितकं रुचलं नाही. मॅकच्या शेअरिंगमधल्या ऑप्शन्समध्ये जाऊन आपल्या अकाउंटला विंडोजसाठी वेगळी खूण करावी लागते, ती लोकांना सापडत नाही, आणि विंडोज एकदा धरलेलं नाव-पासवर्ड सहजासहजी सोडत नाही. शिवाय दोघांमध्ये आधी दम तोडेल तो मॅकच, तेव्हा सगळ्या फाइल्सचं घर त्याच्यावर कशाला?

जाता जाता: फोल्डर झिप करून न्यायची सवय असेल तर सांभाळून. जुन्या मॅकवर फाइंडरने केलेली झिप विंडोजवर उघडली की 'गणपती २०१८' सारख्या देवनागरी नावांची अगम्य चिन्हं होतात. शेअर्ड फोल्डरमध्ये नुसता फोल्डर ओढून टाकला तर नावं जशीच्या तशी राहतात.

तुमचा मॅक लॅपटॉप असेल, घरात एका जागी थांबतच नसेल, किंवा महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळीच काही न्यायचं असेल, तर डिस्क पुरे. स्विच आणि केबलांचा पसारा करू नका. रोजची ने-आण असेल आणि घरात केबल उपसणारं कुणी असेल, तर मी तरी पीसीच्या शेअर्ड फोल्डरकडेच बोट दाखवेन.

मावरिक्सच्या, म्हणजे मॅकच्या १०.९ आवृत्तीच्या आधीच्या मॅकना मात्र हे शेअर्ड फोल्डरचं लागू नाही, कारण एसएमबी १ च्या पुढचं एसएमबी २ तिथूनच मॅकचं नेहमीचं झालं. स्नो लेपर्डवर (१०.६) फाइल शेअरिंगच्या ऑप्शन्समध्ये एफटीपी या फाइल्स पाठवायच्या जुन्या पद्धतीची खूण मिळते. ती करून पीसीवरच्या फाइलझिला या एफटीपीच्या प्रोग्रॅमने फाइल्स ओढून घ्यायच्या. एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, म्हणून काम झालं की ती खूण काढून टाकायची.