८०० किंवा १५०० हरल्यावर: कारण सांगायचं, गप्प बसायचं का लगेच पुढची रेस पळायची?

सोलापुरात मिडल डिस्टन्स, म्हणजे ८०० आणि १५०० मीटरसारखी अंतरं, पळणारी पोरं-पोरी आता बरीच दिसायलीत. कुणी शालेय स्पर्धेसाठी, कुणी विद्यापीठाच्या टीमसाठी, आणि सगळ्यात जास्त पोलीस भरतीसाठी, पोरांना १६०० आणि पोरींना ८००, पहाटे होटगी रोडला नाहीतर विजापूर रोडला गेलं की ग्रुपच्या ग्रुप भेटतात. शूज कुठले घ्यायचे, आठवड्याला किती पळायचं, काय खायचं हे सांगणारे पायलीचे पन्नास मिळतील, पण रेस हरल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत काय करायचं हे सहसा कोण बोलत नाही. आणि वर्ष-वर्ष मेहनत केलेली पोरं सोडून देतात ती बहुतेक ह्याच दोन-तीन दिवसांत, हे मी ग्राउंडवर बघत आलोय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

हरल्यावर चार गोष्टी करता येतात. एक, शरीराचं कारण सांगायचं, ताप होता, पोटरी धरली होती वगैरे. दोन, दुसऱ्यावर टाकायचं, धक्का मारला, बॉक्स केलं, म्हणजे चारी बाजूनं कोंडलं. तीन, आपली रेस नेमकी कुठं चुकली ते सांगायचं. चार, काहीच न बोलता पुढच्या रेसला उभं राहायचं. जगातले टॉपचे धावपटूपण ह्यातलंच काहीतरी करतात, काही जणांनी तर वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं केलंय, आणि ते शेजारी-शेजारी ठेवून बघितलं की ठरवायला सोपं जातं.

सगळ्यात चांगली तुलना एकाच माणसाची आहे, नॉर्वेचा याकोब इंगेब्रिग्टसेन. २०२३ ला बुडापेस्टच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला १५०० मध्ये ब्रिटनच्या जोश करनं त्याला हरवलं, ३:२९.३८ विरुद्ध ३:२९.६५. रेसनंतर याकोब बोलला ते तब्येतीबद्दल, घसा बरा नव्हता, अंगात नेहमीसारखं वाटत नव्हतं. खोटं बोलला असं मी अजिबात म्हणत नाही. पण त्याच्या आदल्या वर्षी २०२२ ला अमेरिकेत युजीनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला जेक वाइटमननं त्याला जवळजवळ तसंच हरवलं होतं, हा पुढून पेस लावतोय आणि शेवटच्या २०० ला मागचा ताजा गडी बाजूनं निघून जातोय. दोन वर्षं एकच चित्र असताना कारण घशावर गेलं तर चित्र बदलायचं काम तसंच राहून जातं. वरनं २०२४ च्या सुरवातीला करनं इनडोअर दोन माइलचा रेकॉर्ड केल्यावर हा म्हणाला की मी डोळ्यावर पट्टी बांधूनपण त्याला हरवलं असतं.

मग आलं २०२४ चं पॅरिस ऑलिंपिक, परत १५००. याकोबनं पहिला लॅप ५५ सेकंदांच्या आत काढला, म्हणजे मागच्यांची किक, म्हणजे शेवटची जोरात पळायची ताकदच, मारून टाकायची असा बेत असणार, आणि शेवटच्या सरळीला पाय भरले, अमेरिकेचा कोल हॉकर, जोश कर आणि यारेड नुगुसे तिघंही त्याच्या पुढं गेले. हा चौथा, मेडल नाही. टायमिंग किती, ३:२८.२४, टोकियोला ज्या ३:२८.३२ नं ह्यानं ऑलिंपिक रेकॉर्डसकट गोल्ड घेतलं होतं त्याच्यापेक्षा फास्ट! ह्या वेळी मात्र त्यानं सांगितलं की सुरवातीचा पेस माझा चुकला, दोष माझाच. घसा नाही, हवा नाही, कोण नाही. चार दिवसांनी ५००० च्या फायनलला तो घोळक्यात शांत थांबला, उशिरा पुढं आला आणि गोल्ड घेऊन गेला.

इथं घाईनं निष्कर्ष काढू नका, कारण २०२३ ला घशाचं सांगितल्यावरसुद्धा चार दिवसांनी त्यानं ५००० जिंकलीच होती. म्हणजे पुढची रेस जिंकली म्हणून आधी सांगितलेलं कारण बरोबर ठरत नाही. मी कारणाला एकच प्रश्न विचारतो, ह्यातनं पुढच्या रेसला करायला काही काम मिळालं का? "घसा" मधून काही मिळत नाही. "पहिला लॅप फास्ट गेला" मधून सरळ काम मिळतं.

ह्याचं माझ्या दृष्टीनं सगळ्यात स्वच्छ उदाहरण जुनं आहे, मॉस्को ऑलिंपिक १९८०, ब्रिटनचे सेबॅस्टियन को आणि स्टीव्ह ओव्हेट. ८०० चा वर्ल्ड रेकॉर्ड तेव्हा कोच्या नावावर, १:४२.३३, सगळे धरून चाललेले की ८०० कोची आणि १५०० ओव्हेटची. झालं उलटं. ८०० ला को मागं आणि बाहेरून पळत राहिला, ओव्हेट निघाला तेव्हा हा लांब होता, नंतर जीव तोडून पळाला पण सिल्व्हरच मिळालं, १:४५.८५. त्यानं उघड मान्य केलं की आपण आयुष्यातली सगळ्यात वाईट रेस पळालो. त्याचे वडील पीटर हेच त्याचे कोच, त्यांनीपण पोरगा म्हणून काही झाकलं नाही. सहा दिवसांनी १५०० ची फायनल, समोर तोच ओव्हेट जो ह्या अंतरात कितीतरी रेस सलग जिंकून आलेला, आणि कोनं बदललं ते एवढंच की मागं राहायचं नाही. पूर्व जर्मनीचा श्ट्राउब पुढं पळत होता, को त्याच्या मागं दुसऱ्या नंबरला चिकटून, श्ट्राउबनं लांबून पेस वाढवला तरी सोडला नाही, आणि शेवटी पुढं निघून गोल्ड. ओव्हेट तिसरा. सहा दिवसांत कुणाचा दम वाढत नाही, ताकद वाढत नाही, पण उभं राहायची जागा बदलता येते, आणि जागा चुकली हे कबूल केलं तरच ती बदलते.

आपल्या शालेय स्पर्धेत तर हे कायमच होतं की, एकाच मीटमध्ये ८०० आणि १५०० दोन्ही पळणारी पोरं असतात. पहिली हरली की संध्याकाळपर्यंत रडायचं का एक गोष्ट बदलून दुसऱ्या दिवशी पळायचं हे तिथल्या तिथं ठरवावं लागतं. जिन्सन जॉन्सनचं बघा. २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्सला ८०० चा नॅशनल रेकॉर्ड त्याचा, दोन महिन्यांपूर्वीच १:४५.६५ पळालेला, आणि गोल्ड घेतलं शेवटच्या सरळीला मागून आलेल्या आपल्याच मनजित सिंगनं, १:४६.१५, जिन्सन १:४६.३५. आपल्याच टीमच्या माणसाकडून हरणं जास्त लागतं, हे ज्यानं पळलंय त्याला माहीत असतं. दोन दिवसांनी जिन्सन १५०० पळाला आणि ३:४४.७२ मध्ये गोल्ड घेतलं.

आता दुसऱ्यावर टाकायचं प्रकरण. १९८४, लॉस एंजेलिस ऑलिंपिक, ३००० मीटर, अमेरिकेची मेरी डेकर आणि ब्रिटनकडून पळणारी झोला बड. डेकर घरच्या प्रेक्षकांसमोर, बड १८ वर्षांची, अनवाणी पळणारी. घोळक्यात पाय अडकले, डेकर पडली, उठलीच नाही. प्रेस कॉन्फरन्सला तिनं दोष बडला दिला, माफी मागायला आलेल्या पोरीला झटकून टाकलं. स्टेडियमनं बडची हुर्यो केली, ती सातवी आली, आधी तिला बाद केलं आणि व्हिडिओ बघून परत घेतलं. कितीतरी वर्षांनी डेकरनंच सांगितलं की बडनं मुद्दाम पाडलं नव्हतं, मला घोळक्यात पळायचा अनुभवच नव्हता. विचार करा, जी कायम पुढं एकटी पळून जिंकायची तिच्यासाठी ह्या एका वाक्यात केवढं ट्रेनिंग भरलेलं होतं! डेकर पुढच्याच वर्षी झुरिकला माइलचा वर्ल्ड रेकॉर्ड पळाली, ४:१६.७१, म्हणजे पाय शाबूत होते. ऑलिंपिक मेडल मात्र तिला कधीच मिळालं नाही.

धक्काबुक्की होत नाही असं मी म्हणत नाही. आपल्याकडं ८०० ला पहिल्या वळणानंतर लेन सुटली की कोपर, ढकलाढकली सगळं होतं. खरंच अडवलं असेल तर सरांकडून रीतसर प्रोटेस्ट करा, तो तुमचा हक्क आहे. पॅरिसला केनियाच्या फेथ किप्येगॉनला ५००० मध्ये अडवल्याबद्दल आधी बाद केलं होतं, अपील झाल्यावर सिल्व्हर परत मिळालं, आणि पाच दिवसांनी तिनं १५०० चं सलग तिसरं ऑलिंपिक गोल्ड घेतलं. प्रोटेस्ट दिला की विषय तिथं संपवा, आणि घरी येऊन घोळक्यात पळायची प्रॅक्टिस वाढवा, भरतीच्या पोरांबरोबर आठवड्यातनं एकदा मधोमध अडकून पळा, कोपर सांभाळायला तिथंच शिकाल.

शरीराचं आणि हवेचं कारण कधीच सांगू नये का? सांगावं, पण तपासून. मेक्सिको सिटी १९६८ ला अमेरिकेचा जिम रायन वर्ल्ड रेकॉर्डवाला असून केनियाच्या किप केनोकडून जवळजवळ तीन सेकंदांनी हरला, ३:३४.९१ आणि ३:३७.८९. ते शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंच, केनो उंचावरच वाढलेला, त्यामुळं विरळ हवेचं कारण शंभर टक्के खरं होतं. रायनचा हिशोब होता की इतक्या उंचीवर ३:३९ ला गोल्ड मिळेल, आणि तो त्याच्यापेक्षा फास्टच पळाला, समोरचा त्याहून फास्ट निघाला. हे मला फार आवडतं, कारण खरं आणि त्याचा आकडापण समोर. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये चाळीसच्या वर पारा असताना दुपारी रेस लावली तर टायमिंग पडणारच, पण ऊन आठही जणांना सारखंच असतं, त्यामुळं टायमिंगसाठी ते कारण चालेल, नंबरसाठी नाही. आणि पोरींच्या बाबतीत आईवडिलांना एक कळकळीनं सांगतो, ट्रेनिंग बरोबर चाललेलं असून महिना-दोन महिने टायमिंग पडतच असेल तर "मन लावत नाही" म्हणायच्या आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासून घ्या. रिपोर्ट हातात आला की ते कारण राहत नाही, त्याच्यावर औषध-पाणी करता येतं.

गप्प राहून वाट बघणारेपण आहेत, आणि त्यांचा रस्ता सगळ्यात लांब. मोरोक्कोचा हिशाम अल गरूज १९९६ ला अटलांटात शेवटचा लॅप सुरू होताना पडला आणि बारावा आला, २००० ला सिडनीत वर्ल्ड रेकॉर्ड नावावर असताना नोहा न्गेनीनं त्याला पाव सेकंदानं हरवलं, आणि २००४ ला अथेन्समध्ये १५०० आणि ५००० दोन्ही गोल्ड. ब्रिटनची कीली हॉजकिन्सन ८०० ला टोकियो ऑलिंपिक, युजीन आणि बुडापेस्ट, तीन वर्षं सलग सिल्व्हर, युजीनला तर फरक ०.०८ सेकंदाचा, मग पॅरिसला गोल्ड. पण ह्या लोकांकडं पुढच्या वर्षीची रेस नक्की होती, कोच होता, पैसा होता. आपल्या बारावीतल्या पोराला विभागीयला नंबर नाही आला तर शालेय गटाचं त्याचं सगळं तिथंच संपतं, त्याला "चार वर्षं थांब" म्हणणं मला पटत नाही.

लगेच पळण्याचा सगळ्यात ताजा नमुना परत किप्येगॉनच. २६ जून २०२५ ला पॅरिसमध्ये चार मिनिटांच्या आत माइल पळायचा प्रयत्न केला, पुढं पळून वेग लावून देणारे पेसर, खास सूट, सगळं जग बघायलंय, आणि टायमिंग आलं चार मिनिटं सहा सेकंदांच्या वर. जमलं नाही. नऊ दिवसांनी युजीनला नेहमीच्या रेसमध्ये १५०० चा वर्ल्ड रेकॉर्ड, ३:४८.६८. बीड जिल्ह्यातला आपला अविनाश साबळे २०२३ ला बुडापेस्टच्या स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांची ३००० मीटर) हिटलाच, म्हणजे प्राथमिक फेरीतच, बाहेर पडला, तिथं रेस स्लो गेली आणि शेवटच्या पळापळीत तो मागं राहिला. सहा आठवड्यांनी हांगझोऊला तो शेवटाची वाट बघत थांबलाच नाही, लवकरच पुढं निघून एकटा पळाला, ८:१९.५० ला एशियन गेम्सचं गोल्ड. तिथली स्पर्धा बुडापेस्टएवढी कडक नव्हती हे खरं, पण आपली ताकद कशात आहे ओळखून तशी रेस पळणं हे शिकण्यासारखंच आहे.

तर माझं मत असं. शाळा-कॉलेजची मीट असेल आणि दुसरी रेस एक-दोन दिवसांवर असेल तर सेबॅस्टियन कोनं केलं तसं, एकच चूक शोधायची, जागा किंवा पेस, दोन्ही नाही, आणि तेवढीच बदलून पळायचं. सीझन संपला असेल तर दोन दिवस कारण कुणालाच सांगू नका, मित्रांना नाही, स्टेटसला तर अजिबात नाही, तिसऱ्या दिवशी लॅपचे टायमिंग घेऊन सरांसमोर बसा. पडला असाल किंवा खरंच अडवलं असेल तर शक्य तितक्या लवकर छोटी का होईना एक रेस पळा, नाहीतर घोळक्याची भीती अंगात बसते. आणि हरून आपलंच बेस्ट टायमिंग आलं असेल तर श्रीराम सिंग आठवा, १९७६ माँट्रियल, ८०० ला पहिला लॅप ५०.८५ नं पुढून काढला, क्यूबाच्या हुआंतोरेनानं वर्ल्ड रेकॉर्ड करून गोल्ड नेलं आणि आपला माणूस सातवा आला, १:४५.७७. ते टायमिंग भारतात ४२ वर्षं कुणाला मोडता आलं नाही, मोडलं ते वर सांगितलेल्या जिन्सननं.

भरतीच्या १६०० वाल्यांना शेजारच्याला हरवून काही मिळत नाही, तिथं घड्याळावर मार्क आहेत. म्हणून मार्क कमी पडले तर चारही लॅपचं टायमिंग वेगवेगळं काढून ठेवा, एका मित्राला स्टॉपवॉच घेऊन उभं करा. बहुतेक वेळा पहिला लॅप गर्दीच्या नादात फास्ट गेलेला असतो आणि तिसऱ्याला सगळं गळपटलेलं असतं, आणि तसं असेल तर पुढच्या भरतीपर्यंत तुमचं मुख्य काम पहिल्या लॅपचा पेस धरून ठेवायला शिकणं आहे, त्यासाठी नवीन शूज लागत नाहीत.