टेम्परेचर गन आणि डिजिटल हायग्रोमीटर: अकोल्याचा अख्खा उन्हाळा वापरून झाल्यावर

लांबून नेम धरून तापमान मोजणारी लेझरवाली इन्फ्रारेड गन आणि एक छोटं डिजिटल थर्मामीटर-हायग्रोमीटर (हवेचं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं), दोन्ही फेब्रुवारीच्या शेवटी ऑनलाइन मागवलं होतं, आता पाऊस नीट लागलाय तेव्हा निवांत लिहितोय. गन बाराशेच्या आसपास, हायग्रोमीटर चारशेच्या आत. कंपनीच्या नावात फार अर्थ नाही, या रेंजमधल्या बऱ्याच गनांचे स्पेक्स सारखेच असतात, १२:१ रेशो (अंतर आणि मोजल्या जाणाऱ्या वर्तुळाचं प्रमाण, पुढे सांगतो) आणि एमिसिव्हिटी, म्हणजे पृष्ठभाग स्वतःचे किरण किती टाकतो तो आकडा, ०.९५ वर फिक्स. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर थेट स्लॅब, म्हणून ही खरेदी.

पहिली गोष्ट, कारण यावरच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. गन हवेचं तापमान दाखवत नाही. कुठलाही पृष्ठभाग जे इन्फ्रारेड किरण बाहेर टाकतो त्यातला साधारण ८ ते १४ मायक्रॉनचा पट्टा ती पकडते, आणि हवा त्या पट्ट्यात बरीचशी पारदर्शक असते, म्हणजे गन हवेतून आरपार बघते आणि समोर जे येईल त्याच्या सालीचं तापमान सांगते. खात्री करायची तर व्हरांड्यातल्या माठावर धरा, हवा ४० असताना माठाची बाजू २५-२६ दाखवते, आणि तीच गन तिथून वळवून गाडीच्या काळ्या सीटवर धरली की ६५ च्या वर जाते. हवा दोन्हीकडे तीच. त्यामुळे मे महिन्यात डांबरावर गन धरून ‘आज ६२ डिग्री’ असे फोटो ग्रुपवर फिरतात ना, तो आकडा खरा असतो पण तो रस्त्याचा असतो, गावाचा नाही. २०२२ च्या एप्रिलअखेरीस युरोपच्या सेंटिनेल-३ उपग्रहाने भारतात जमिनीचं तापमान काही ठिकाणी ६० च्या वर मोजलं होतं, तेव्हाही कित्येक जणांनी ते हवेचं म्हणून फॉरवर्ड केलं. भारतात हवेचा अधिकृत उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा आहे, १९ मे २०१६, ५१.०.

हवामान खातं जे तापमान सांगतं ते स्टीव्हन्सन स्क्रीनमध्ये मोजलेलं असतं, म्हणजे पांढरी, झडपांची लाकडी पेटी, जमिनीपासून माणसाच्या छातीच्या आसपास उंचीवर, दार उत्तरेकडे, म्हणजे आत ऊन येत नाही पण वारा खेळतो. घरी तेवढं जमत नाही पण नियम तेच पाळायचे. मी हायग्रोमीटर उत्तरेच्या व्हरांड्यात भिंतीपासून वीतभर पुढे दोरीला लटकवलाय, कूलरच्या झोतापासून लांब. तसं ठेवल्यावर दुपारचा आकडा अकोल्याच्या वेधशाळेच्या आकड्याच्या एक-दोन डिग्रीत राहतो, आणि चारशे रुपयांच्या वस्तूकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. सेन्सर तर सरकारीही चुकतो, २०२४ च्या मे अखेरीस दिल्लीच्या मुंगेशपूरला ५२.९ नोंदलं गेलं आणि मग तपासात तो सेन्सर ३ डिग्री जास्त दाखवत असल्याचं निघालं.

आता स्लॅब, ज्याच्यासाठी हे सगळं केलं. एप्रिलच्या मध्याला दुपारी तीनला गच्चीवरचं उघडं काँक्रीट ५८-६० आणि त्याच वेळी खालून, म्हणजे बेडरूमचं सिलिंग, ३८. रात्री नऊला गच्ची बरीच उतरलेली असते पण सिलिंग ४२ वर जातं! दिवसभराची उष्णता स्लॅबमधून खाली पोचायला काही तास लागतात, म्हणून बाहेर बरं वाटायला लागतं तेव्हा घर तापतं. हवेचं थर्मामीटर तेव्हा खोलीत ३६-३७ दाखवत असतं आणि त्या आकड्याकडे बघून कळतच नाही की इतकी तगमग का होतेय. आपली कातडी असते ३४-३५ ची आणि वर तिच्याहून गरम अख्खं छत, ते रात्रभर आपल्यावर उष्णता फेकत राहतं, त्याला पंखा अडवू शकत नाही, पंखा फक्त घाम वाळवतो. ही एक गोष्ट दिसली तिथेच माझ्या मते गनचे पैसे वसूल झाले. पश्चिमेच्या भिंतीचंही असंच, संध्याकाळी आतून ४० च्या पुढे, म्हणून आईचा पलंग त्या भिंतीपासून हलवला आणि ती आता नीट झोपते.

मग अर्ध्या स्लॅबला चुन्यात फेविकॉल मिसळून दोन हात मारले आणि अर्धा मुद्दाम तसाच ठेवला. दुपारी तीनला पांढरा भाग ४५ च्या आसपास, उघडा ५८ च्या वर. रात्री सिलिंगमध्ये चार-पाच डिग्रीचा फरक, खालून गन फिरवली की रेषा कुठे आहे ते आकड्यावरून सापडतं. धूळ बसली की फरक कमी होत जातो, वावधन (धुळीचं वादळ) येऊन गेल्यावर झाडून घ्यावं लागतं. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतात त्याचंही मोजलं, वरचा थर पाच मिनिटात ३३ वर येतो पण वाळला की अर्ध्या तासात परत चढतो कारण आतली उष्णता तिथेच असते. आमच्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे पाण्यापेक्षा चुनाच बरा असं मी ठामपणे म्हणेन.

गन कुठे फसवते तेही बघून घ्या. चकचकीत धातूवर आकडा खोटा येतो, कारण तो स्वतःचे किरण फार कमी टाकतो आणि समोरच्या वस्तूंचे परत फेकतो. नवीन टिनाच्या शेडवर हात ठेववत नव्हता आणि गन सांगत होती ३४. त्यावर इन्सुलेशन टेपचा काळा तुकडा चिकटवला, दोन मिनिटं थांबून त्याच तुकड्यावर धरली तर ६३. स्टीलच्या पातेल्याचंही तेच, लोखंडी तव्यावर मात्र बरोबर येतं. काचेतून पलीकडचं मोजता येत नाही, काचेचंच येतं. आणि लेझर फक्त नेम धरायला असतो, मोजत नाही. १२:१ म्हणजे बारा फुटांवरून एक फुटाचं वर्तुळ मोजलं जातं आणि त्यात जे जे येईल त्याची सरासरी येते, म्हणून छोट्या वस्तूच्या जवळ जा.

तपासायची सोपी पद्धत, बर्फ बारीक कुटून थोडं पाणी घालून ढवळा आणि वरून सरळ गन धरा, शून्याच्या एक-दीड डिग्रीत आलं तर चांगली. हायग्रोमीटरला मीठ, वाटीत मीठ थोडंसंच ओलं करून यंत्रासकट हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचं, आत आर्द्रता ७५ टक्के यायला पाहिजे. माझा ७१ दाखवतो, मी चार मिळवून वाचतो.

आणि आर्द्रतेचा आकडा कूलरसाठी हवाच. नवतपात (मे अखेरचे ते नऊ कडक दिवस) ४३ डिग्री आणि १५ टक्के असताना कूलरच्या जाळीतून २७-२८ ची हवा येत होती, पहिल्या पावसानंतर बाहेर ३६ आणि ५५ टक्के झाल्यावर तोच कूलर, तेच वाळे, झोत ३० च्या खाली येईना. मोटर बिघडली म्हणून दुकानात धावायची गरज नाही, तेवढ्या ओल्या हवेत पाणी कितीही फिरवा, कूलर साधारण २८ च्या खाली नेऊच शकत नाही. अशा वेळी खिडक्या सताड उघडा, नाहीतर नुसताच चिकचिकाट.

तक्रारी दोन. गनचा डिस्प्ले उन्हात दिसत नाही, सावली धरावी लागते. आणि मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात लिहिलंय की गन ० ते ४० डिग्रीच्या हवेत वापरायची, म्हणजे आमच्या दुपारी गच्चीवर ती स्वतःच मर्यादेबाहेर! एसीच्या खोलीतून काढून लगेच बाहेर नेली तरी आकडे भरकटतात, अर्धा तास व्हरांड्यात सावलीला ठेवून मग वर न्यावी आणि मोजून लगेच खाली आणावी.

दोन्हीपैकी एकच घ्यायचं तर भाड्याने राहणाऱ्यांनी हायग्रोमीटर घ्या, कूलर कधी चालवायचा आणि खिडकी कधी उघडायची ते त्यावर ठरतं. स्वतःचा स्लॅब असेल, चुना किंवा पांढरा कोट द्यायचा विचार असेल, तर आधी गन घ्या आणि रंग देण्याआधीचे रात्री नऊचे सिलिंगचे आकडे वहीत लिहून ठेवा.